दुबई किती पैशांत होते?



"ताई, दुबई किती पैशांत होते?" असं तिरोड्याहून एका वाचक भगिनीने विचारलं आहे. प्रश्न एका ओळीचा, पत्र मात्र चांगलं तीन पानी. मुलगा दोन वर्षांपासून तिथे ए.सी. दुरुस्तीच्या कामावर आहे. शेजारची मंडळी दिवाळीत टूर कंपनीबरोबर दुबई करून आली. त्यांचे फोटो पाहून या बाईंच्या यजमानांच्याही मनाने घेतलं, आणि आता बँकेतून कर्ज काढून जाऊ म्हणतात. मुलगा मात्र फोनवर "आई, एवढ्यात नको येऊस" एवढंच म्हणतो. कारण काही सांगत नाही. आईचा जीव तो! पत्राचं अर्धं पान त्याच काळजीने भरलं आहे.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी, आमचे हे, सासूबाई आणि सातवीतले चिरंजीव असे चौघं सहा दिवस जाऊन आलो. मी शाळेत अर्धवेळ शिकवणारी, यांची राईस मिलमधली नोकरी. आमचं अंथरूण केवढं ते तुम्ही ओळखलंच असेल. म्हणून आधी पैशांचं सांगते आणि मुलाच्या "नको"बद्दल मग. दोन्हींचा संबंध आहे.

दुबईच्या खर्चाचे दोन ढीग करावेत. एक घरून निघण्याआधीचा, म्हणजे विमान, व्हिसा, हॉटेल. दुसरा तिथे गेल्यावरचा. पहिला ढीग कुणालाच चुकत नाही, पण तो लहान करता येतो, आणि त्याची किल्ली तारखेत आहे. नोव्हेंबर ते मार्च तिथली हवा सुखाची. त्यातही नाताळ ते नवं वर्ष हे दिवस सोडून द्यावेत, सगळंच महाग. मे ते सप्टेंबर भाव उतरतात, आणि टूरवाले "खास सवलत" म्हणून जाहिरात करतात ती याच दिवसांची. आपण नवतपा सोसलेली माणसं, आपल्याला काय होतंय, असं म्हणून फसू नका हं. आपलं ऊन कोरडं, तिथलं समुद्रामुळे घामट. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन मजुरांना उघड्यावर कामाला लावायचं नाही असा तिथे कायदाच आहे, यावरून काय ते समजा. लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर सवलत सवलतीच्या जागी राहू द्या.

जायचं कसं? गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई आणि तिथून विमान, हा एक मार्ग. नागपूरहून थेट शारजाला विमान जातं, हा दुसरा. शारजा दुबईला अगदी लागून आहे. मुंबईचं तिकीट दिसायला स्वस्त दिसतं, पण त्यात रेल्वे, मुंबईतला एक दिवस आणि टॅक्सी मिळवून मगच तुलना करा. आमच्या चौघांच्या हिशोबात नागपूर स्वस्त पडलं, आणि सासूबाईंची एक रात्रही वाचली. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. व्हिसा निघण्याआधीच हातात हवा. परतीनंतर लगेच दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं असं बांधून ठेवू नका. त्या भागातल्या लढाईमुळे जून २०२५ मध्ये आखातातली विमानं काही तास अडकली होती. एक-दोन दिवस हाताशी असलेले बरे, आणि निघण्याआधी बातम्या बघून घ्याव्या.

टूर कंपनीकडून जाणार असाल तर दोन गोष्टी विचाराच. तिथल्या हॉटेलात दर खोलीमागे दर रात्री ७ ते २० दिरहम 'टुरिझम दिरहम' म्हणून वेगळे घेतात. ते कंपनी भरणार की आपण? आणि टूरच्या रकमेवर आपलं सरकार टीसीएस कापतं, तो कुणाच्या पॅनवर गेला? ती पावती जपून ठेवली तर आयकराचं विवरणपत्र भरताना ते पैसे वळते होतात. कित्येक घरांत या पावतीचा पुडा होतो, म्हणून सांगितलं.

आता दुसरा ढीग. हा मात्र सर्वस्वी आपल्या हातात. दिरहम हल्ली पंचवीस रुपयांच्या आसपास आहे. मी सहा लिफाफे केले होते, दिवसाला एक. त्या दिवशीचा लिफाफा संपला की खरेदी बंद. उरलं तर दुसऱ्या दिवशीच्या लिफाफ्यात. आमचे हे हसले, पण तिसऱ्या दिवसापासून स्वतःच विचारायला लागले, "आजच्यात किती उरले?" सुरुवातीला दर वेळी पंचविसाने गुणायची सवय लागते आणि चहाचा घोटही गोड लागत नाही. गुणाकार रात्री एकदाच करावा.

गंमत ऐका. हा गुणाकार आपल्या आजोबांच्या काळी करावाच लागला नसता. १९६६ पर्यंत दुबईच्या बाजारात रुपयाच चालायचा. आधी आपलाच साधा रुपया, आणि १९५९ पासून आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी छापलेल्या वेगळ्या नोटा. दिरहम आला १९७३ मध्ये. दुबईला तेल सापडलं तेही १९६६ मध्येच. त्याआधी मोती, मासळी आणि व्यापार यांवर जगणारं हे खाडीकाठचं गाव. खाडी गाळाने भरत चालली होती, ती १९६० च्या सुमारास कर्ज काढून खोल केली, तेव्हा मोठ्या बोटी आत यायला लागल्या. तिरोड्याच्या यजमानांना सांगा, दुबईनेही कर्ज काढलं होतं, पण ते बोटी याव्यात म्हणून. फिरायला काढलेल्या कर्जातून आपल्या दारी फक्त हप्ता येतो. वर्षभर भिशी लावा, पुढच्या वर्षी जा. शहर कुठे पळून जात नाही.

ही खाडी हेच मला विचाराल तर खरं दुबई, आणि सगळ्यांत स्वस्तही. एका काठाला देरा, दुसऱ्या काठाला बर दुबई. मधून लाकडी नावा चालतात, त्यांना 'अब्रा' म्हणतात. भाडं एक दिरहम. नाणं नावाड्याच्या हातात द्यायचं आणि फळीवर बसायचं. आम्ही सहा दिवसांत आठ वेळा खाडी ओलांडली असेल, त्यातल्या निम्म्या वेळा काही काम नसताना. देऱ्याच्या काठाला मसाल्यांचा बाजार आणि सोन्याचा बाजार, अलीकडे कापडाचा बाजार. त्याला लागून अल् फहीदीचा जुना मोहल्ला. तिथल्या घरांवर चौकोनी मनोरे आहेत. ते वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडतात. वीज नव्हती तेव्हाचा कूलरच म्हणा ना. यातलं काहीही बघायला तिकीट नाही.

लांब जायला मेट्रो. २००९ च्या ९ सप्टेंबरला ती सुरू झाली, आणि तिला चालकच नाही, त्यामुळे चिरंजीव पहिल्या डब्यात काचेला नाक लावून बसले. स्टेशनवर 'नोल' कार्ड मिळतं. चंदेरी कार्ड २५ दिरहमचं, त्यातले १९ प्रवासाला वापरता येतात. जवळच्या प्रवासाला ३, त्याहून लांब ५, आणि शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेसात दिरहम. बायका-मुलांचा वेगळा भाग असतो, खाली गुलाबी पट्टी दिसते. एक मात्र लक्षात ठेवा, मेट्रोत खाणंपिणं चालत नाही, शंभर दिरहम दंड आहे. सासूबाईंचा हात चिवड्याच्या पुडीकडे गेला तो मी वरच्यावर धरला. अडीच हजारांचा चिवडा झाला असता!

उंच इमारत सगळ्यांना बघायची असते. बुर्ज खलिफा ८२८ मीटर आहे. खालून बघायला फुकट, वर जायला तिकीट, आणि सूर्यास्ताच्या वेळेचं तिकीट सगळ्यांत महाग. चिरंजीव आणि हे दोघं सकाळच्या वेळी वर गेले, आम्ही सासू-सून खाली बसलो. रात्री तिथल्याच तळ्यात कारंजी नाचतात, ती काठावर उभं राहून कुणीही बघावीत. शेजारच्या मॉलमधली मोठी मासोळ्यांची काचही बाहेरून दिसते. आत जायचं तिकीट काढायलाच हवं असं नाही. जुमेऱ्याचा समुद्रकिनारा मोकळा आहे, आणि शिडाच्या आकाराचं ते प्रसिद्ध बुर्ज अल् अरब हॉटेल तिथून दिसतं. त्या हॉटेलात उतरणाऱ्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही, तेव्हा पुढे जाऊ.

वाळवंटाची सफर प्रत्येक एजंट गळ्यात मारतो. एक संध्याकाळ गाडी वाळूच्या टेकड्यांवरून वरखाली उड्या मारत नेतात. ज्यांना कंबरदुखी आहे किंवा दिवस गेलेले आहेत त्यांनी मुळीच बसू नये. बाकीच्यांनी दोन-तीन ठिकाणी भाव विचारून घ्यावा, रस्त्यावर सांगितलेला पहिला भाव कधीच खरा नसतो. मला विचाराल तर रास अल् खोरच्या दलदलीतले रोहित पक्षी अधिक आवडले. सारसांच्या जिल्ह्यातली माणसं आपण, पाय लांब असलेला पक्षी दिसला की घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं! खाडीच्या शेवटाला, उंच इमारतींच्या पायथ्याशी, हिवाळ्यात ते शेकड्यांनी उभे असतात.

देवदर्शनाची आवड असेल तर अबुधाबीकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये मोठं दगडी मंदिर झालं आहे, आणि अबुधाबीतच शेख झायेद मशीद आहे. दोन्हीकडे प्रवेश फुकट, पण आधी नाव नोंदवावं लागतं. मशिदीत जाताना पूर्ण बाह्या आणि डोक्यावरून पदर किंवा ओढणी हवी. दुबईहून अबुधाबीची बस २५ दिरहम घेते.

सासूबाईंना मात्र इमारतींपेक्षा वेगळाच प्रश्न पडला होता. रस्त्याच्या दुतर्फा फुलं, हिरवळ, खजुराची झाडं बघून पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "एवढ्या झाडायले पानी कोठून येते वं?" आपल्याकडे वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस. बोड्या, मामा तलाव, नवेगावचा बांध. तरी एप्रिल आला की गावागावांत हंड्यांची रांग. तिथे वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आतबाहेर. ना नदी, ना तळं. पिण्याचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतं, त्याला वीज आणि इंधन लागतं. आणि झाडांना जातं ते शहराचं सांडपाणी शुद्ध करून. हे सांगितल्यावर सासूबाई गप्पच झाल्या. मग हॉटेलात नळ सोडून दात घासणाऱ्या नातवाला त्यांनी जे झापलं, ते मी सहा वर्षांत केलं नव्हतं. पावसाची सवय नसलेल्या त्या भूमीत १६ एप्रिल २०२४ ला पाऊस आला. अल् ऐन भागात एका ठिकाणी दिवसभरात २५४ मिलिमीटर पडला आणि दुबईचा विमानतळसुद्धा पाण्यात गेला. आपल्याकडे श्रावणात असा दिवस अधूनमधून येतोच, पण आपल्या जमिनीला तो पचवायची सवय आहे.

पोटाचं म्हणाल तर काळजी नको. बर दुबईचा मीना बाजार आणि करामा या भागात आपल्या चवीची खानावळ पावलोपावली आहे. शाकाहारी थाळी आम्हाला वीस-पंचवीस दिरहमांत पडत होती, चौघांत तीन थाळ्या पुरायच्या. राहायलाही याच भागातलं किंवा देऱ्यातलं साधं हॉटेल पाहावं. मेट्रो जवळ, खाडी जवळ. पोहे, भाजणी, लोणची घरून न्यायची गरज नाही. बालपण आपल्या विदर्भात गेलेले धनंजय दातार १९८४ मध्ये वडिलांच्या छोट्या किराणा दुकानात काम करायला दुबईला गेले, आज त्यांच्या 'अल् अदील' दुकानांत हे सगळं मिळतं.

आता त्या मुलाबद्दल.

माझा एक मावसभाऊ तिथे आहे. "ताई, उतरायला माझ्याकडे या" हे त्याने एकदाही म्हटलं नाही, तेव्हा माझ्या माहेरी थोडी कुजबुज झाली होती. तिथे गेल्यावर उलगडा झाला. पगार इकडून ऐकायला मोठा, पण तिथलं घरभाडं त्याहून मोठं. एकटी मुलं खोली भाड्याने घेत नाहीत, पलंग घेतात. त्याला 'बेडस्पेस' म्हणतात. एका खोलीत वरखाली पलंग, सात जण, एक न्हाणीघर. कंपनीच्या वसाहतीत राहणाऱ्यांकडे तर पाहुण्याला जाता येत नाही. आईवडिलांना बसवायला जागा नाही, हे आईला फोनवर कोणता मुलगा सांगेल? तो "नको येऊस" म्हणतो, त्यामागे बहुतेक हेच असेल. तेव्हा बाई, मनात भलतंसलतं आणू नका. त्याला सांगा, आम्ही हॉटेलात उतरतो, तुझी खोली दाखव म्हणून हट्ट करणार नाही, तुझ्या सुट्टीचा वार तेवढा कळव. टूर कंपनीबरोबर जाणार असाल तर तिकिटं काढण्याआधीच एक पूर्ण दिवस मोकळा मागून घ्या. त्यांच्या कार्यक्रमात सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत बस असते, आणि मुलाची भेट हॉटेलच्या दारात दहा मिनिटांत उरकते. असं झालेलं मी पाहिलं आहे.

आमचा भाऊ सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून खाडीवर आला. जेवणाचं बिल मीच देणार म्हणून अडून बसला. चौघांच्या जेवणाचे शंभर दिरहम म्हणजे त्याच्या दृष्टीने काय ते मला ठाऊक होतं. मी सासूबाईंना पुढे केलं; त्या म्हणाल्या, "मी मोठी बसली असताना पोरगा पैसे देते काय?" विषय संपला. पण अब्राची पाच नाणी त्याला देऊ दिली, आणि टपरीवरचा कडक चहा त्याच्याच पैशांनी प्यायलो. ते 'करक' म्हणतात, दिरहम-दीड दिरहमचा कागदी पेला. तेवढा मान त्याचा राहायलाच हवा. मुलाला भेटायला जाणाऱ्या आयांनी त्या दिवसाच्या लिफाफ्यात जेवणाचे पैसे मोजून ठेवावे आणि चहाचे मुद्दाम ठेवू नयेत.

त्याच्यासाठी काय न्यायचं? मी दोन किलो चिन्नोर आणि लाखोळीची डाळ नेली होती. त्याने पिशवी उघडून आधी तांदळाचा वास घेतला. पण एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात लावा: खसखस नेऊ नका. आपल्याला ती साधी वाटते, तिथे ती अमली पदार्थांत मोडते, आणि तिच्यापायी लोक तुरुंगात गेले आहेत. म्हणजे दिवाळीचे अनारसे बाद. खसखस घातलेला काळा मसाला, रस्सा-भाजीचं वाटण, बाळंतिणीचे लाडूही बाद. शेजारीण "माझ्याही मुलाला एवढा डबा द्या" म्हणून बांधलेला डबा देते, तो तिच्यासमोर उघडून बघा. वाईट वाटलं तर वाटू द्या. पान, गुटखा, खर्रा यांनाही तिथे बंदी आहे. आपल्याकडच्या पुरुषमंडळींचे खिसे त्यासाठी नागपूरलाच तपासावेत. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, काही दुखण्याच्या गोळ्याही तिथे परवान्याशिवाय चालत नाहीत. रोजची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, लागतील तेवढीच न्यावी.

आणखी एक, कारण माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने परवाच विचारलं. "फिरायच्या व्हिसावर जा, तिथे गेल्यावर घरकामाची नोकरी लावून देतो," असं कुणी सांगितलं तर त्याला दारातूनच वाटेला लावा. फिरायच्या व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे, आणि अडकते ती बाई, एजंट नाही. नोकरीसाठी जाणाऱ्याने नोकरीचाच व्हिसा घ्यावा. एजंट नोंदलेला आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट'वर बघता येतं. आपल्याला जमत नसेल तर कॉलेजातल्या मुलाला विचारा, पाच मिनिटांचं काम आहे.

राहिलं सोनं. दुबईचं सोनं स्वस्त म्हणून बहिणी-जावांच्या ऑर्डरी घेऊन निघू नका. परतताना दागिन्यांवर जी सीमाशुल्काची सवलत आहे ती वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांसाठी आहे. आपल्यासारख्या सहा दिवसांच्या पाहुण्यांसाठी नाही. शिवाय घडणावळ आणि तिथला पाच टक्के कर धरला की फरक फारसा उरत नाही. घरून घालून गेलेल्या दागिन्यांचे फोटो आणि जुनी पावती जवळ ठेवा, म्हणजे येताना वाद नको. सोन्याच्या बाजारात आम्ही तासभर हिंडलो आणि सासूबाईंनी खिडकीतला पाटल्यांचा ढीग बघून "हे घालते कोण?" एवढंच विचारलं.

आणायचा तर खजूर आणावा. विमानतळावर सुबक डब्यांत असतो तो नाही, देऱ्याच्या बाजारात पोत्यांतून सुटा मिळतो तो. चाखून घ्यावा, दुकानदार स्वतःहून देतात. मऊ खजूर फ्रिजमध्ये महिने टिकतो. आम्ही चार किलो आणला, त्यातला एक किलो मावसभावाने आग्रहाने आपल्या पैशांनी घेतलेला होता. तो माहेरी पोचवला.